ज्याचा बिल्ला त्याचा श्वास

९ जानेवारी

प्रिय भात्या,

पत्र पाहून दचकशील, म्हणून आधीच सांगतो, कोणी गेलेलं नाही. इतक्या वर्षांनी भावाचं अक्षर दिसलं की माणूस पहिलं तेच शोधतो. सगळे आहेत. मी आहे, तुझी वहिनी आहे, गल्लीतला तो एका डोळ्याचा बोकासुद्धा आहे. म्हणजे तो नसेल, त्याचा मुलगा असेल, पण वागतो तसाच.

सहज लिहितोय. तुझा पत्ता पैलवानाकडून मिळाला. आपल्या टोळीत पोती वाहायचा तो पैलवान. त्याच्या जावयाने तुझ्याकडून कुलपाची किल्ली करून घेतली म्हणे. 'स्टुलावर बसून किल्ल्या घासतात, अगदी मुकादमांसारखं नाक आहे,' असं त्याने घरी सांगितलं. मुकादम म्हणजे मी. मला हसूच आलं. एवढ्या छातीचा गडी आणि किल्ल्या घासत बसलाय! पण असो, बसून करायचं काम कधीही चांगलं. सावलीत असतं.

आमचं छान चाललंय. वरची खोली सोडली, खाली राहायला आलो. वर ऊन फार यायचं. खालचं दार थेट रस्त्यावर उघडतं, येणारेजाणारे दिसतात, वेळ जातो. कारखाना बंद झाला ते तुझ्या कानावर आलंच असेल. फाटकाला साखळी घातली आहे, आणि वजनकाट्यावर आता कुत्री झोपतात. त्यांचं वजन कोणी लिहून घेत नाही.

तू ठणठणीत असशीलच. तुला काय होणार आहे!

एक छोटंसं काम होतं. पण पहिल्याच पत्रात काम सांगितलं तर तू म्हणशील, बघा, उगीच नाही आठवण झाली. म्हणून पुढच्या पत्रात लिहीन. उत्तर पाठव, दोन ओळी का होईना.

तुझा
दादा

भावजी, पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलंय, म्हणून पाकीट चिकटवायच्या आधी हे लिहिते. वरच्या खोलीत ऊनबिन काही येत नव्हतं. यांना जिना चढवत नाही. आडवं पडलं की गुदमरतात, म्हणून भिंतीला उशा लावून बसल्याबसल्या झोपतात. आणि काम छोटं नाही. — वहिनी


२८ जानेवारी

प्रिय भात्या,

तुझं कार्ड आलं. 'वहिनीला नमस्कार. दादा, जिना कधीपासून चढवत नाही? काम काय ते सरळ लिही.' संपलं कार्ड. तुझ्या वहिनीला जाब विचारला तर म्हणते, 'पत्र माझ्या हातून जातं. फुकट कशी नेईन?'

आता झाकून काय उपयोग? सरळ लिहितो.

माझ्या छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी आहे. तिने तो उजेडावर धरला आणि विचारलं, 'काका, काम काय करत होता?' मी म्हटलं, कापडाच्या कारखान्यात होतो. खोटं नव्हतं. पण ती म्हणाली, 'कसलं कापड?' मग सांगावं लागलं. न जळणारं कापड. दगडाचा कापूस पिंजायचा, सूत काढायचं, विणायचं. 'म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस,' ती म्हणाली. आपण ते नाव कधी तोंडात घेतलं नाही. पोत्यावर छापलेलं असायचं, तेवढंच. आपल्यासाठी तो कापूस. ती म्हणाली, त्याची धूळ श्वासातून आत गेली की आतच राहते, वर्षानुवर्षं, आणि फुप्फुस आतून राठ होत जातं. कळायला वीस-पंचवीस वर्षं लागतात. मी विचारलं, औषध? ती फोटो परत पाकिटात घालायला लागली.

एकटा मीच नाही. टोळीतले उरलेत ते सगळे असेच धापा टाकतायत. पैलवानाला पाहिलंस तर रडशील, शर्ट नुसता खुंटीवर लटकावल्यासारखा वाटतो. कामगारांच्या आजारांसाठी एक मंडळ नेमलंय. तिथून औषधपाणी आणि घरखर्च मिळतो. आम्ही सगळ्यांनी अर्ज केले आणि सगळ्यांचे परत आले. कारण कारखान्याच्या दप्तराप्रमाणे आमच्या छात्या एकदम उत्तम! दरवर्षी फुंकणीवर पास. मंडळाचे साहेब म्हणाले, 'कामावर होतात तोवर धडधाकट होता. हे नंतरचं दुखणं. विड्या ओढल्या असतील.'

तू हसत असशील. हस. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असंही म्हण. फक्त आपल्या दोघांत हरी कोण आणि गाढव कोण ते मोठ्याने ठरवू नकोस.

आता मंडळ एकदा सुनावणी घेणार आहे, तू येऊन साक्ष द्यायला हवी. दुसरा कोणी देऊ शकत नाही. तिथे गोंधळ नको म्हणून काय बोलायचं ते ओळीने लिहून देतो. पाठ कर.

वर्षातून एकदा बाहेरून तपासणीवाला यायचा, हे सांग. दवाखान्याच्या खोलीत यंत्र मांडायचा. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि जीव खाऊन फुंकायचं. रेघ वर गेली की पास. नापास झालेल्याला खात्यातून काढून फाटकापाशी झाडू मारायला लावायचे, धुळीचा भत्ता बंद, वर सगळा कारखाना हसायचा, हेही सांग. तपासणीवाला तोंड बघायचा नाही. छातीवरच्या बिल्ल्याचा आकडा वाचायचा, 'फुंक' म्हणायचा, आणि मग 'पुढचा'. आपण सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. कोण कोणाचा ओळखणार? म्हणून ज्यांना दम लागायचा त्यांचे बिल्ले तू लावायचास आणि त्यांच्या जागी तू फुंकायचास. दारातून बाहेर, बिल्ला बदल, पुन्हा आत. पोरं तुला भाता म्हणायची ते यावरूनच, हेही सांग, म्हणजे खरं वाटेल.

आता दोन गोष्टी नीट ऐक. ही कल्पना तुझी होती, असं सांग. बिल्ले तूच गोळा करायचास. माझं नाव आणू नकोस. मी मुकादम होतो. मुकादमानेच लबाडी केली असं निघालं तर माझा अर्ज तर जाईलच, पण सगळ्यांनी मिळून फसवलं म्हणून बाकीच्यांचेही जातील. तू तर अर्जच केलेला नाहीस, तुझं काही जात नाही.

दुसरं, शेवटच्या वर्षी तू स्वतः नापास झालास ते विचारतील. सांग, सगळ्यांसाठी फुंकून दमलो होतो. ते खरंच आहे.

येशील ना?

दादा


१६ फेब्रुवारी

प्रिय भात्या,

'येतो. तू सांगशील तसं बोलेन. एक दिवस राहीन.'

हे काय उत्तर झालं? मी दोन दिवस वाट बघत होतो की तू शिव्या घालशील. उत्तरं तयार ठेवली होती. तू म्हणशील, त्या वेळी माझं तोंड बंद केलंस आणि आता तेच तोंड उसनं मागतोस? त्यावर मी म्हणणार होतो, अरे, माणूस चुकतो. तू म्हणशील, दादा, तुला लाज नाही वाटत? त्यावर काय म्हणायचं ते अजून सुचलं नव्हतं. आणि तू लिहितोस 'येतो'. तुझ्या वहिनीने कार्ड वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि भांडी घासायला गेली. भांडी घासलेलीच होती.

मास्तर गेला ती वेळ आठवते. मागापाशी उभा राहून जेवणाच्या सुट्टीत आपल्याला पेपर वाचून दाखवायचा, म्हणून मास्तर. शेवटी शेवटी त्याला एक बातमी पुरी वाचवत नव्हती, मधेच पेपर तुझ्याकडे द्यायचा. तो गेल्यावर तू उपाहारगृहात सगळ्यांसमोर म्हणालास, 'मास्तरसाठी मी तीन वर्षं फुंकलं. एकदा नापास झाला असता तर फाटकापाशी झाडू मारत जिवंत असता. यंदा मी तपासणीवाल्याला सांगणार.' सगळ्यांचे घास हातात राहिले. मी उठलो आणि तुझ्या कानाखाली वाजवली. आईने मला बजावलं होतं, धाकट्यावर हात टाकायचा नाही. आई नव्हती म्हणून टाकला.

मग तुला कोपऱ्यात घेऊन समजावलं, एवढं एक वर्ष फुंक, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू. तू फुंकलंस.

आणखी एक. तुला पोती फोडायला मीच लावलं होतं. सगळ्यात जास्त भुरा तिथे उडायचा, पोत्याच्या तोंडाशी सुरी घातली की समोरचा माणूस दिसायचा नाही. तिथे जायला कोणी तयार नसायचं. मला वाटायचं, याची छाती पोलादी आहे, याला काही होत नाही. भावाला सवलत दिली नाही म्हणून लोक माझं कौतुकही करायचे. मला ते आवडायचं.

असो. मार्चच्या नऊ तारखेला सकाळी ये. गाडीतळावर मी घ्यायला येईन. मंडळाच्या खोलीत एक यंत्र ठेवलंय, नवीन आहे. कदाचित तुला फुंकून दाखवायला सांगतील. बघू दे त्यांना एकदा! तू एकदा रेघ छताला भिडवलीस की बाकी बोलायचं कामच नाही.

दादा

भावजी, तुमची तब्येत कशी आहे? हे तिसरं पत्र, आणि यांनी एकदाही विचारलेलं नाही. म्हणून मी विचारते. — वहिनी


११ मार्च

प्रिय भात्या,

तू परवा परत गेलास. जे झालं ते तुझ्यासमोर झालं, तरी लिहितो. कारण माझ्याकडे तुझी पाठ होती आणि बाकावर बसून मी काय केलं ते तुला दिसलं नाही.

गाडीतळापासून सुरू करतो. तू खाली उतरलास तेव्हा मी तुला ओळखलं नाही. तुझ्या मागून उतरणाऱ्या एका धिप्पाड माणसाकडे बघत हात हलवत राहिलो. तू जवळ येऊन 'दादा' म्हणालास. मी म्हटलं, 'बारीक झालास रे.' तू म्हणालास, 'किल्ल्या घासता घासता मीही घासला गेलो.' मी हसलो. मला वाटलं, विनोद आहे.

घरी येताना तू दर दोन दुकानांपुढे थांबत होतास. चपलांच्या दुकानापुढे, रंगाच्या डब्यांपुढे. एका बंद दुकानापुढेही उभा राहिलास. मीही तसाच थांबतो. चालता येत नाही हे लोकांना कळू नये म्हणून आम्ही सगळे आता दुकानं बघतो. पैलवान तर बायकांच्या दागिन्यांचं दुकान बघत बसतो. मला वाटलं, तू माझ्यासाठी थांबतोयस. मनात म्हटलं, किती समजूतदार आहे! एवढंच मला सुचलं.

मग मंडळाची खोली. मी लिहिलं होतं ते तू शब्दही न चुकता बोललास. माझ्या चुकांसकट. साहेबांनी विचारलं, 'बिल्ले कोण लावायचं?' तू म्हणालास, 'मीच. कल्पना माझीच होती. दादाला यातलं काही माहीत नव्हतं.' पैलवान माझ्या शेजारी बसला होता. त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्याच्या छातीवरून दरवर्षी बिल्ला काढून घेणारा हात माझा होता, हे तो विसरलेला नाही. मी छत्रीची मूठ बघत राहिलो.

साहेबांनी पुढचं विचारलं. 'मग शेवटच्या वर्षी तुमचीच तपासणी नापास कशी?' तू मागे वळून माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही, चावी हातात धरून कुलूप बघावं तेवढाच वेळ. मग म्हणालास, 'दमलो होतो.'

त्यांनी तुला यंत्रापुढे उभं केलं. तू तसाच उभा राहिलास, पूर्वीसारखा. पाय फाकलेले, डावा हात पोटावर. पैलवान कुजबुजला, 'आता बघा.' आम्ही सगळी म्हातारी पोरांसारखी पुढे सरकलो. तू फुंकलंस. रेघ थोडी वर आली, आणि तुला खोकला आला. दुसऱ्यांदा तेवढीही आली नाही. तिसऱ्यांदा तू नळी तोंडातून काढलीस आणि टेबलाची कड धरलीस.

साहेब म्हणाले, 'या फुंकरीवर अख्खी टोळी पास झाली?' कारकून हसला. आमच्यातलंही कोणीतरी हसलं. मग साहेब म्हणाले, 'साक्ष द्यायला काय कबूल केलंय यांनी तुम्हाला?'

भात्या, त्या वेळी मला फक्त उभं राहायचं होतं. 'बिल्ले मी लावले,' एवढेच तीन शब्द. दम लागला होता, आवाज फुटला नाही, असं लिहिलं तर तू विश्वास ठेवशील. पण नव्हता लागला. बऱ्याच दिवसांत नव्हता इतका माझा श्वास त्या वेळी नीट चालला होता. मी बसून राहिलो. माझा अर्ज वाचवत बसून राहिलो.

माझा फोटो पाहणारी ती डॉक्टरीणही तिथे होती, ती तेवढी हसली नाही. तुझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, 'तुम्हीही फोटो काढून घ्या.' तू म्हणालास, 'काढलाय.'

मला ऐकू आलं. बाहेर आल्यावर मी काही विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीला तू दोन पायऱ्या चढलास, दांडा धरून थांबलास, मग तिसरी चढलास. मी खालून म्हटलं, 'जपून जा.' हे मी म्हटलं.

आता शेवटच्या वर्षाचं. त्या दिवशी तू आमच्या सगळ्यांचं फुंकलंस आणि नेहमीप्रमाणे स्वतःचं शेवटी ठेवलंस. तुझा बिल्ला लावून आत गेलास आणि खोकत बाहेर आलास. 'भाता फाटला! भाता फाटला!' करून पोरांनी टाळ्या पिटल्या. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. तू मला पाण्याच्या टाकीमागे नेलंस आणि म्हणालास, 'दादा, मी दमलेलो नाही. मला खरंच श्वास येत नव्हता.' मला वाटलं, सरळ सांगून जमलं नाही म्हणून आता नाटक करतोयस. मी म्हटलं, 'सोंगं पुरे.' आणि वरच्यांनी विचारलं की नापास झालाय, झाडूवर ठेवायचा का, तेव्हा मी म्हटलं, 'नको, हा पितो.' तू कधी पीत नव्हतास. त्यावर त्यांनी तुला कामावरूनच काढलं. तू गाव सोडलंस तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण आता सांगणारा कोणी उरला नव्हता.

आमच्यात सगळ्यात आधी तू आजारी पडलास. पोत्याच्या तोंडाशी तू होतास, तूच पडणार. ते तू मला सांगितलंस, आणि मी ते तुझ्याच तोंडून खोटं ठरवलं. पाठ करून घेतलं तुझ्याकडून. 'दमलो होतो' म्हणून तू तुझा स्वतःचा हक्क माझ्यासमोर बुडवलास, आणि मी छत्री बघत होतो.

मला लाज वाटते. हा शब्द फार लहान आहे, पण दुसरा येत नाही. तुझी तब्येत कशी आहे, हे मी एकाही पत्रात विचारलं नाही. शेवटच्या पत्रात तर यंत्राचं लिहिलं.

उद्या मी मंडळात जाणार आहे. अर्ज जाईल. जाऊ दे.

तुझा, म्हणायचा हक्क असेल तर,
दादा


१३ मार्च

भावजींना वहिनीचा नमस्कार.

हे कालचं सांगणार नाहीत, म्हणून या वेळी अख्खं पत्र माझं. शेवटी थोडी जागा यांना ठेवणार आहे.

सकाळी शर्टाची बटणं लावता लावताच दम लागला, तरी निघाले. मी बरोबर गेले. मला नाहीतरी जायचंच होतं. त्या डॉक्टरबाईंनी माझाही फोटो काढायला सांगितलाय. कामाचे कपडे मीच झटकायचे आणि धुवायचे ना, तुमचे आणि यांचे. 'काकू, तुम्ही कारखान्यात न जाता कारखान्यातच होता,' म्हणाल्या. फोटोचं काय निघेल ते निघेल. तुम्ही त्याचा घोर करू नका.

रस्त्यात यांनी सगळी दुकानं बघितली. मीही बघितली. एक पातेलं आवडलं मला.

साहेब म्हणाले, 'तुमची सुनावणी झालीय.' हे म्हणाले, 'माझी नाही झाली. माझ्या भावाची झाली.' आणि उभ्यानेच सुरू झाले. बसा म्हटलं तर बसेनात. 'कल्पना माझी. बिल्ले मी काढून घ्यायचो. मी लावायचो. त्याच्या छातीवर. आमच्या सगळ्यांचे कागद खोटे आहेत, साहेब. तुम्ही ते. खरे धरून बसलात.' असं, दोन शब्द, मग श्वास, मग दोन शब्द. कारकुनाने लिहायला घेतलं आणि त्यालाही मधे मधे थांबावं लागत होतं.

साहेब म्हणाले, 'मुकादम, याचा अर्थ कळतो ना? तुम्ही स्वतः फसवणूक केली असं लिहून देताय.' हे म्हणाले, 'कळतो म्हणून तर. त्या दिवशी गप्प बसलो.'

मग म्हणाले, 'त्या वर्षी आमच्या टोळीत एकच माणूस. खरा फुंकला. त्याच्या बिल्ल्यावर. तेवढा एकच कागद खरा आहे तुमच्या दप्तरात. आणि त्यालाच आम्ही. नापास म्हणून हाकलला.' यापुढे यांना बोलवेना. भिंत धरून उभे राहिले. मी पाण्याची बाटली काढली, पण घोट घ्यायलाही श्वास लागतो.

बाहेर पैलवान येऊन बसला होता. यांनी सांगितलं नव्हतं, मी सांगितलं होतं. तो आत आला आणि म्हणाला, 'माझ्यासाठीही फुंकला. पाच वर्षं.' त्याच्यामागून आणखी दोघे आले. सगळे नाही आले, भावजी. काही जण जिन्याखालीच थांबले. कोणाला लाज वाटली, कोणाला अर्जाची भीती, एकाला खरंच जिना चढवला नाही.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, बाकीच्यांचे अर्ज परत उघडू. यांचा बाजूला काढलाय, त्याचा निकाल वेगळा लागेल. काय लागेल ते दिसतंच आहे. आणि तुमच्या नावाने कोरा अर्ज दिलाय, सोबत पाठवते. तुमचा त्या वर्षीचा कागद आहेच, त्याला आताची एक तपासणी जोडली की झालं. मात्र ती त्यांच्या यंत्रावर, त्यांच्यासमोर व्हायला हवी.

तेव्हा यांनी काय विचारलं सांगू? विचारलं, 'तो लांब राहतो, साहेब. प्रवास झेपत नाही त्याला. त्याच्याऐवजी मी फुंकून देऊ का? या वेळी नापासच व्हायचंय. तेवढं मला जमेल.'

सगळे हसले. साहेबही हसले. मीच तेवढी हसले नाही, कारण यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेलेला मी पाहिला होता. बिल्ला तिथेच लावायचे.

तुम्ही मला माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतंत. आता द्यायला या. आमची खोली खालीच आहे, एकही पायरी नाही. उशा आणखी दोन शिवल्या आहेत, यांच्याशेजारी भिंतीला लावते. आडवं पडवत नसेल तर दोघे बसून राहा. भांडायचं असेल तर आधी दम खा आणि एकाने एक शब्द बोला.

— वहिनी

भात्या,
तुझी तब्येत कशी आहे?
— दादा